कोलेस्टेरॉल : गरजेचे किती, घातक केव्हा?



टनेज आणि उताऱ्याचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला की आपण गोंधळतो. त्यातच ‘गोळीनं मेंदू सुकतो’ असं पारावर ऐकून कोणी चालू औषध बंद करतो. म्हणून या विषयाची फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. स्निग्ध अन्न पचवणारं पित्त आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरकं यांचा तो कच्चा माल. त्यातलं बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं. यकृत हा त्याचा मोठा कारखाना.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीरातलं २० टक्क्यांच्या वर कोलेस्टेरॉल तिथं असतं. मोटारीच्या वायरीला जसं वेष्टन, तसं मज्जातंतूंना मायलिनचं. त्यामुळेच निरोप झटपट पोचतात. मेंदूतलं बहुतेक कोलेस्टेरॉल या वेष्टनातच आहे आणि ते मेंदू स्वतः बनवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथं जवळजवळ शिरतच नाही. घरच्या विहिरीवर भिजणाऱ्या रानाला कॅनॉलच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही, तसंच हे. म्हणून रक्तातलं उतरवलं तर मेंदू उपाशी राहील, ही भीती नको.

मग धोका कुठं? रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण जास्त झाले, की ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तसा धमन्यांत थर साचतो. हृदयाची वाट अडली तर झटका, मेंदूची अडली तर अर्धांगवायू. तोवर दुखत-खुपत काही नाही. तपासणीखेरीज कळत नाही.

१९७३ साली जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना बुरशीतून कोलेस्टेरॉल घटवणारा पदार्थ मिळाला. आजच्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात तिथून झाली.

तूप, लोणी, डालडा बेतानं खावं. शेंगतेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ या छापानं भुलू नये. वनस्पतींच्या तेलात ते नसल्यातच जमा. आणि आपण साखरवाले असलो तरी सांगतो, अति साखरेनं रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते.

गोळीनं त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगा. परस्पर मात्र बंद करू नका.