राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी



नोकरी गेली म्हणजे एका माणसाचा पगार थांबला, एवढ्यावर ते भागत नाही. मुलांची फी, घरभाडे, वाण्याची उधारी, म्हाताऱ्या आईचे औषध अशी सारी घडी एका दिवसात विस्कटते. म्हणून काढलेला कामगार घाबरतो आणि नेमक्या त्याच घडीला त्याच्यापुढे एक कागद सरकवला जातो. ‘इथे सही कर, उद्या हिशेब घेऊन जा.’ पुष्कळदा तो कागद राजीनाम्याचा असतो. वस्तीतील कामगारांचे कागद वाचून देण्याचे काम मी सुट्टीच्या दिवशी करतो. त्यात सर्वात जास्त नुकसान मी या एका सहीने झालेले पाहिले आहे.

राजीनामा देणे आणि कामावरून काढले जाणे या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढले तर मालकाला कारण द्यावे लागते, रीत पाळावी लागते. राजीनामा दिला तर ‘हा स्वखुशीने गेला’ म्हणून मालक मोकळा. केलेल्या दिवसांचा पगार, फंड आणि पात्र असेल त्याला ग्रॅच्युइटी मिळते. पण कपातीची भरपाई जाते आणि कामावर परत घ्या म्हणण्याची वाटही बंद होते. दबावाने सही घेतली असेल तर गप्प बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ‘सही दबावाने घेतली आहे, राजीनामा मागे घेत आहे, मी कामावर येण्यास तयार आहे’ असे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आता हिशेब पाहू. मी वाणिज्य शाखेचा माणूस, आकड्यांशिवाय माझे समाधान होत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कामगार कपातीचा मूळ नियम मात्र तोच राहिला आहे. मागील बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस भरले, त्याची एक वर्षाची सलग सेवा धरली जाते. अशा कामगाराला कमी करायचे तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटी सहा महिन्यांहून अधिक काळ उरला तर तेही एक वर्ष धरतात.

समजा, पगार महिना १५,००० रुपये आणि नोकरी ८ वर्षे ७ महिने. वर्षे धरायची ९. दर वर्षाचे ७,५०० याप्रमाणे भरपाई ६७,५००. नोटिशीचे १५,०००. ग्रॅच्युइटीचे गणित निराळे : पगाराला २६ ने भागायचे, १५ ने आणि वर्षांनी गुणायचे. ते होतात सुमारे ७७,८८५. एकूण १,६०,३८५ रुपये. फंड, रजेचे पैसे आणि राहिलेला पगार याहून वेगळा. राहिलेला पगार तर काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यावा, असे वेतन संहिता सांगते. एवढ्या हक्काच्या बदल्यात वीस हजारांचे पाकीट कोणी पुढे केले, तर ती मेहेरबानी आहे की सौदा, हे ज्याने त्याने ठरवावे.

चोरी, भांडण, गैरहजेरी असा आरोप ठेवून बडतर्फ केले तर कपातीच्या भरपाईचा नियम लागत नाही. परंतु आरोपपत्र, उत्तराची संधी आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची मुभा देऊन चौकशी झाली पाहिजे. ती केली नसेल तर मालकाला आरोप न्यायाधिकरणापुढे नव्याने सिद्ध करावा लागतो.

हक्क असला तरी पुरावा कोणी द्यायचा? कर्नाटकातील वनखात्याच्या एका प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २४० दिवस भरल्याचे कामगाराने दाखवावे. नुसते प्रतिज्ञापत्र पुरे नाही, पगाराची पावती किंवा नेमणुकीचा कागद हवा. म्हणजे खटल्याची तयारी नोकरी जाण्यापूर्वीच व्हायला हवी.

निकाल काय लागतो, हेही नोकरीच्या स्वरूपावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा बुडालेला सगळा पगार देण्याचा आदेश कायम केला. बेकायदा काढलेल्याला मागील पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे न्यायालय म्हणाले. मात्र मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती, हे कामगाराने आपल्या अर्जात स्पष्ट लिहावे लागते. उलट हरियाणातील एका रोजंदारी कामगाराला १९९६ साली काढले होते; त्याला २००९ साली मिळाले ५०,००० रुपये, नोकरी नाही. रोजंदारी आणि कंत्राटावरच्या माणसाने हा फरक ध्यानात ठेवावा.

सर्वात मोठा शत्रू म्हणजे उशीर. पूर्वी थेट दाद मागायला तीन वर्षे मिळत. आता वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षे उलटली की समेट अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही. समेट झाला नाही तर त्याचा अहवाल हाती पडल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. ‘साहेब परत बोलावतील’ या आशेवर बसलेल्यांची वर्षे अशीच निघून जातात. वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांना संपावर उतरवले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. एप्रिल १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला तो त्याच काळात. गैरवर्तन कशाला म्हणायचे, कामगाराला काढायचे कसे, हे मालकाने लेखी जाहीर केले पाहिजे, हे त्या कायद्याचे सार. त्याची मर्यादा १०० कामगारांची होती. नव्या संहितेत ती ३०० झाली. त्याहून लहान कारखान्यातल्या कामगाराचा तो लेखी आधार गेला. ही मर्यादा खाली आणा, ही मागणी आपल्या संघटनांनी सोडता कामा नये.

तोवर आपला आधार म्हणजे घरातील पेटी. नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक, फंडाचा नंबर, हजेरीचा फोटो हे सारे एका पिशवीत ठेवा. नेमणूकपत्र नसेल तर लेखी मागा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ते देणे आता सक्तीचे आहे. आणि घरातील सर्वांना सांगून ठेवा : कागद वाचून घेतल्याशिवाय, कोणाला तरी दाखवल्याशिवाय सही करायची नाही.