मनाच्या आजारासाठी गावात सेवा : अनुदानाचा अर्ज कसा लिहावा?

विहिरीच्या कर्जासाठी बँकेत गेले की साहेब चार गोष्टी विचारतात. जमीन किती? पाणी लागेल याची खात्री काय? पैसा कशावर खर्च होणार? आणि हप्ता कसा फिटणार? उत्तरे नेमकी असली की काम पुढे सरकते. ‘आमची फार अडचण आहे’ एवढेच सांगून कर्ज मिळत नाही, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

धर्मग्रामातील एखादे महिला मंडळ किंवा युवक मंडळ जेव्हा मनाच्या आजारांसाठी गावात सेवा सुरू करू पाहते आणि त्यासाठी एखाद्या ट्रस्टकडे वा कंपनीकडे अनुदान मागते, तेव्हा मात्र हाच शहाणपणा विसरला जातो. अर्ज दुःखाच्या वर्णनाने भरतो आणि कामाचा तपशील दोन ओळींत उरकतो. अर्ज नामंजूर झाला तर फारसे बिघडत नाही, पुन्हा करता येतो. ढिला अर्ज मंजूर झाला तर मात्र नुकसान आजारी माणसाचे होते. गोळ्या सुरू होतात, मन मोकळे होऊ लागते आणि वर्षाच्या आत पैसा संपून काम बंद पडते. म्हणून हा अर्ज पिकाच्या नियोजनासारखा लिहावा, असे आम्ही सुचवतो.

गरज आकड्यांत मांडा

२०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी मनाचा काही ना काही आजार असल्याचे आढळले. यांत व्यसनाचे आजारही धरले आहेत. आजारपरत्वे शंभरातील सत्तर ते ब्याण्णव रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

आता आपला हिशेब करू. समजा सहा वाड्या मिळून प्रौढ माणसे ५,५०० आहेत. सर्वेक्षणाच्या प्रमाणाने त्यांत सुमारे ५८० जण आजारी निघतील आणि त्यांतले निदान ४०० उपचाराविना असतील. हा अंदाज आहे, असे अर्जात स्पष्ट लिहावे. त्याच्या जोडीला गावची माहिती द्यावी : जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती मैलांवर आहे, तेथे मनाच्या आजाराची औषधे मिळतात का, मानसोपचार तज्ज्ञ कोठे बसतात, बसभाडे किती, एका खेपेला किती दिवसांची मजुरी बुडते. धारवाडची डिमहान्स किंवा बांबोळीचे मानसोपचार रुग्णालय नकाशावर जवळ दिसते, पण ज्याच्या घरी दूध काढायला दुसरे कोणी नाही त्याला ते दूरच आहे. हे आकडे आशाताईंना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून एका आठवड्यात गोळा होतात.

काम कोण करणार?

बहुतेक मंडळी अर्जात प्रथम डॉक्टर मागतात. खेड्यात राहणारा मानसोपचार तज्ज्ञ मिळणे कठीण आहे, आणि पैसे देणाऱ्यांनाही ते माहीत असते. मार्ग दुसरा आहे व तो तपासलेला आहे.

आपल्या शेजारच्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचारी यांना शिकवून तयार केले. गंभीर मानसिक आजार आणि फिट येणे यांवर तालुक्यात व गावात उपचार होऊ शकतात, हे तेथे दिसून आले. त्याच धर्तीवर १९९६ साली सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

उदासीनतेच्या आजाराबाबत गोव्यातील संगाथ संस्थेचे काम पाहावे. तेथे दहा आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास झाला. डॉक्टरी पेशा नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी निम्म्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला होता. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने विदर्भातील ‘विश्राम’ प्रकल्प अधिक जवळचा आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत तो चालला. आरंभी उदासीनतेच्या रुग्णांपैकी ४.३ टक्केच लोक उपचार घेत होते. अठरा महिन्यांनी हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. अशी उदाहरणे अर्जात दिली म्हणजे आपली कल्पना हवेतली नाही हे वाचणाऱ्याला पटते.

तेव्हा अर्जात असे मागावे : गावातील दोन प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यावर देखरेख करणारा एक जाणकार, आणि गंभीर रुग्ण पाठवण्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाचे संमतिपत्र. देखरेख वगळली तर कार्यकर्ता एकटा पडतो आणि चुकीचा सल्ला देण्याचा धोका राहतो.

उद्दिष्ट झेपेल एवढेच

‘सर्व गाव तणावमुक्त करू’ असे कधीही लिहू नये. हिशेब मांडावा. दोन कार्यकर्त्यांनी आठवड्यातून चार दिवस, दिवसाला प्रत्येकी दोन भेटी केल्या तर ४८ आठवड्यांत ७६८ भेटी होतात. एका माणसाला सहा ते आठ भेटी लागतात. म्हणजे पहिल्या वर्षी शंभर माणसे, याहून जास्त नाही. उरलेले दिवस नोंदी, प्रशिक्षण आणि रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणे यांत जातात. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत लोक घरी सापडत नाहीत, हेही वेळापत्रकात दाखवावे.

गुण आला की नाही, हे मोजण्याची रीत अर्जातच सांगावी. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली डॉक्टर वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात, आणि १० किंवा अधिक आले तर त्या माणसाकडे लक्ष देणे जरूर असते. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली भरावी. शेवटचा प्रश्न जीव देण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला होकार आला तर त्याच दिवशी काय करायचे, माणसाला एकटे न सोडता कोणाकडे न्यायचे, हे आधी लिहून ठेवलेले असावे.

वाटप म्हणजे परिणाम नव्हे. श्रीलंकेत १८० खेडी घेऊन एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या खेड्यांत शेतीची विषारी औषधे ठेवण्यासाठी घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यामुळे विष घेण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. औषधे कुलपात ठेवावीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी तर ठेवावीतच. पण ‘इतक्या पेट्या वाटल्या, इतकी शिबिरे घेतली’ एवढ्याने अर्ज भरू नये.

खर्च आणि कागदपत्रे

खर्चाचा तक्ता एका पानात बसावा. कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास, प्रशिक्षण, देखरेख करणाऱ्याची फी, गरीब रुग्णाचे बसभाडे, नोंदवह्या आणि हिशेब तपासणी. प्रत्येक रकमेपुढे ती कशी आली ते लिहावे. गावाने स्वतः दिलेली खोली, खुर्च्या, स्वयंसेवकांचा वेळ हेही दाखवावे.

कागदपत्रांचे नियम कडक आहेत. कंपन्यांचा सामाजिक निधी हवा तर संस्थेची १२-ए आणि ८०-जी नोंदणी लागते, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्जही भरावा लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए परवाना लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते, आणि एका संस्थेला मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून लहान मंडळाने स्वतंत्र अर्ज करण्यापेक्षा धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेला अर्जदार करावे आणि काम त्या संस्थेचे म्हणूनच चालवावे.

कायद्याचेही भान हवे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्यास सांगतो आणि त्याला साखळीने बांधण्यास मनाई करतो. रुग्णांना ठेवून घेणारे केंद्र नोंदणीशिवाय चालवता येत नाही. अर्जात कोणाचे नाव, घर वा छायाचित्र देऊ नये. लहान गावात ‘तीन मुलांची विधवा’ एवढ्या वर्णनानेही माणूस ओळखू येतो, आणि मग ती बाई पुन्हा कार्यकर्त्याला दारात उभी करत नाही. सेवा सर्व धर्मांच्या व जातींच्या माणसांसाठी खुली राहील, हेही स्पष्ट लिहावे.

पैसा संपल्यावर काय?

अर्जाचे शेवटचे पान आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन वर्षांनी अनुदान थांबेल तेव्हा गोळ्या कोठून मिळतील? उत्तर सरकारी आरोग्य केंद्राकडेच आहे. म्हणून पहिल्या महिन्यापासून रुग्णांची नावे त्यांच्या संमतीने तेथे नोंदवावीत, औषधे तेथूनच घ्यावीत, आणि आरोग्य केंद्रात औषध नसेल तर जिल्हा कार्यक्रमाच्या अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. अनुदानाच्या पैशाने गोळ्या विकत घेऊन वाटण्याची सवय लावू नये.

अर्ज लिहून झाला की गावातील दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांतील एक जण असा असावा की ज्याच्या घरात हे दुखणे येऊन गेले आहे. त्याला जे पटणार नाही ते खोडावे.

आणि अर्ज मंजूर होईपर्यंत थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलायला मिळते. हा क्रमांक दूध डेअरी, खत दुकान आणि देवळाच्या फळ्यावर आजच लिहिता येईल.