न ठरवता जमलेला मेळ

न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन स्टॅनलीत नोकरी करणाऱ्या जोशुआ शॅक्टरकडे एक साधी टेक्स्ट फाइल होती. इंटरनेटवर आवडलेल्या पानांचे पत्ते तो तिच्यात टाकत जाई. पत्ते साचत साचत २० हजारांच्या घरात गेले. म्हणून पत्त्यासोबत तो विषयाचा एखादा शब्दही लिहू लागला. पुढे तो शब्द शोधला की त्या विषयाच्या सगळ्या ओळी हाती येत. २००३ साली त्याने हीच युक्ती वेबवर आणली, इतरांनाही आपापली यादी ठेवायची सोय करून दिली, आणि ‘डिलिशस’ सुरू झाले.

यात नवल ते काय? बुकमार्क तर प्रत्येक ब्राउझरमध्ये होतेच! पण ते एकट्याचे होते आणि फोल्डरमध्ये बसवलेले होते. ग्रंथपालांना हा पेच फार जुना: पुस्तक एक, फळी एक, विषय मात्र चार. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३च्या कोलन वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून त्याच पेचाला हात घातला होता. शॅक्टर लिहीत असे तशा विषयाच्या शब्दाला, म्हणजे टॅगला, तर फळीच लागत नाही. १९७२च्या दुष्काळावरचा लेख ‘दुष्काळ’, ‘मराठवाडा’, ‘रोजगार हमी’ आणि ‘वाचायचे आहे’ अशा चारही शब्दांखाली एकाच वेळी सापडू शकतो.

मात्र कोणी कोणता शब्द वापरावा, याला काहीच धरबंध नाही. एकजण ‘शेती’ लिहील, दुसरा ‘कृषी’, तिसरा नुसतेच ‘मस्त’. अशी असंख्य माणसे एकत्र आली तर सावळा गोंधळ व्हायला हवा. एचपी लॅब्जमधल्या स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिलिशसवरची माहिती तपासली, तर उलटेच दिसले. एखादे पान शंभरेक लोकांनी जतन केले की त्यावरच्या टॅगांचे आपसातले प्रमाण जवळजवळ ठरून जाते. पुढे आणखी कितीही माणसे आली तरी ते फारसे हलत नाही. बैठक नाही, संपादक नाही, शब्दांची मान्य यादी नाही, तरीही!

हे समजावताना त्यांनी संभाव्यताशास्त्रातला एक जुना प्रयोग पुढे केला. भांड्यात एक लाल आणि एक काळी गोटी ठेवा. न बघता एक उचला, परत टाका आणि त्याच रंगाची आणखी एक त्यात घाला. हेच करत राहा. सुरुवातीला रंगांचे प्रमाण हेलकावे खाते, मग हळूहळू एका आकड्यापाशी स्थिरावते. तो आकडा कोणता, हे आधी सांगता येत नाही; डाव नव्याने मांडला तर दुसराच येईल. टॅगांच्या बाबतीत इतरांचे शब्द पाहून आपण तेच उचलतो, हे एक कारण. मुळात आपली समजही बरीचशी सारखी असते, हे दुसरे. आणि क्वचित वापरलेला शब्दही पुसला जात नाही. तो आपल्या छोट्याशा वाट्यासह टिकून राहतो. मला हे फार मोलाचे वाटते.

त्याहून विलक्षण म्हणजे, बहुतेकजण हे सारे स्वतःच्या सोयीसाठी करत होते. तरी तुम्ही जतन केलेली लिंक आणखी कोणी ठेवली आहे हे दिसे, त्या माणसाच्या नावावर क्लिक केले की त्याची बाकीची यादी उघडे, आणि ज्या लेखाचे नावही ठाऊक नसल्याने तो शोधणेच शक्य नव्हते, तो समोर येई. संशोधकांना याची किंमत लगेच कळली. २००४ मध्ये रिचर्ड कॅमरनने शोधनिबंधांसाठी ‘साइटयूलाइक’ काढले, पाठोपाठ ‘नेचर’च्या प्रकाशकांनी ‘कनोटिया’. दोन्ही आता बंद आहेत.

डिलिशसचेही हाल झाले. २००५ मध्ये ते याहूने घेतले, २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांनी. नव्या मालकांनी केलेल्या बदलांत टॅगमधल्या तिरप्या रेघेचा शोध बंद पडला. आवडत्या मालिकांतल्या पात्रांवर कथा लिहिणाऱ्या चाहत्यांची सारी मांडणी त्या रेघेवर उभी होती. दोन पात्रांची जोडी ते तिनेच दाखवत. हे चाहते ‘पिनबोर्ड’ या तशाच दुसऱ्या सेवेकडे वळले. ती चालवणाऱ्या मॅचेय त्सेग्वोव्स्कीने काय हवे ते विचारले, तेव्हा चाहत्यांनी एकत्र बसून मागण्यांचा भलामोठा दस्तऐवज लिहून दिला. २०१७ मध्ये त्याच पिनबोर्डने अख्खे डिलिशस ३५ हजार डॉलरना विकत घेतले.

आज गटाने संदर्भ जमवायचे तर झोटेरो आहे: मोफत, टॅगांसह, सामायिक संग्रहासह. पण साधन कोणतेही असो, आपली यादी अधूनमधून उतरवून घ्यावी. तुमच्या ब्राउझरमधले बुकमार्क एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव दिसेल. तो ब्राउझर २००८ पासून बंद आहे, पण त्याने घालून दिलेला साचा क्रोम आणि फायरफॉक्स आजही वापरतात, आणि एकाची यादी दुसऱ्याला त्यामुळेच वाचता येते.