अपरिचित शहरातील टॅब्लेट : पिंजौरच्या वाटेवरून

चंडीगढहून शिमल्याकडे निघालेला प्रवासी सुमारे वीस किलोमीटरवर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, पिंजौर या हरियाणातील गावी येतो. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात येथे रचविलेली सात टप्प्यांची बाग पाहण्यास आजही लोक येतात. परंतु पिंजौरला येणारे सर्वच काही बाग पाहण्यास येत नाहीत. हिंदुस्थान मशीन टूल्सने येथे यंत्रांचा कारखाना काढला, १९७१ साली ट्रॅक्टर तयार करण्यास आरंभ केला आणि पुढे कित्येक वर्षे देशभरचे अभियंते व पुरवठादार या गावाची वाट तुडवीत राहिले. ट्रॅक्टरचा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरी वर्दळ थांबली नाही. कारण येथूनच एक रस्ता हिमाचल प्रदेशातील बद्दीकडे फुटतो आणि बद्दी हे आज औषधनिर्मितीचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

आता अशी कल्पना करू, की वसईचा एक लहान कारखानदार औषधाच्या गोळ्या दाबण्याची यंत्रे तयार करतो. त्याचे ग्राहक बद्दीला आहेत, वितरक पंचकुला येथे आहे आणि मुक्काम पिंजौरला आहे. त्याच्या पिशवीत एक टॅब्लेट आहे व त्यात नकाशा, रेल्वे, भाषांतर, कागदपत्रे अशी निरनिराळी ॲप भरलेली आहेत. सकाळी दहाची भेट ठरली आहे. ही साधने त्याच्या कितपत उपयोगी पडतील?

पहिली अडचण वाटते त्याहून साधी आहे, आणि म्हणूनच ती हमखास नडते. चंडीगढ शहर सेक्टरांत विभागलेले आहे. एक सेक्टर साधारणपणे आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असतो आणि त्याला नावाऐवजी क्रमांक असतो. शेजारचे पंचकुला वसविताना त्याच पद्धतीचे अनुकरण झाले. मात्र मोजणी पुन्हा एकपासून सुरू करण्यात आली. पंजाबातील मोहालीत चंडीगढचेच क्रमांक पुढे चालविले गेले, पण तेथील जुन्या वस्त्यांना लोक अजूनही ‘फेज’च्या क्रमांकाने ओळखतात. परिणामी ‘सेक्टर १७’ म्हटले, की चंडीगढचा गजबजलेला बाजार डोळ्यांपुढे येतो. परंतु पंचकुला येथेही सेक्टर १७ आहे व ती निवांत वस्ती आहे. रिक्षावाला निदान विचारतो, ‘कौनसा? चंडीगढवाला?’ टॅब्लेट मात्र विचारीलच असे नाही.

असे का व्हावे? नकाशाच्या ॲपमध्ये आपण शब्द लिहितो, तेव्हा ते त्या शब्दांशी जुळणारी अनेक ठिकाणे शोधते व त्यांची क्रमवारी लावते. ही क्रमवारी लावताना आपण त्या क्षणी कोठे आहोत आणि ते ठिकाण किती प्रसिद्ध आहे, या दोन गोष्टींना बरेच वजन मिळते. वसईत बसून शोध घेतला, तर प्रसिद्ध चंडीगढ पुढे येण्याचा संभव अधिक. चंडीगढच्या स्थानकावर उतरून शोधले, तरी चंडीगढच पुढे येऊ शकते. वितरक बिचारा पंचकुला येथे वाट पाहत राहतो. यंत्राने गणिताची चूक केलेली नसते. अपुऱ्या प्रश्नाला त्याने नेटके उत्तर दिलेले असते, एवढेच. प्रस्तुत लेखकानेही एकदा या नेटक्या उत्तराच्या पायी भर दुपारी परक्या दाराची घंटा वाजविली आहे.

यावरचा उपाय मात्र टॅब्लेटहून पुष्कळ जुना आहे, आणि तो एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेला आहे. डाक खात्यातील अधिकारी व संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली पिनकोडची सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. एकसारखी गावनावे आणि निरनिराळ्या भाषांतील पत्ते यांमुळे टपालाचा घोटाळा होऊ नये, हा तिचा हेतू. पहिले दोन अंक पाहिले, की राज्याचा बोध होतो. चंडीगढचा पिनकोड १६०पासून सुरू होतो, पंचकुला व पिंजौरचा १३४पासून, तर बद्दीचा १७३पासून. तेव्हा ॲपमध्ये पत्ता लिहिताना सेक्टरच्या क्रमांकापुढे शहराचे नाव व पिनकोड अवश्य लिहावा, आणि निघण्यापूर्वी उत्तरात आलेले राज्य वाचून पाहावे. भारतीय डाक विभागाने २०२५ साली ‘डिजीपिन’ ही नवी पद्धतीही उपलब्ध करून दिली आहे. तीत सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचा स्वतंत्र संकेत मिळतो. कारखान्याच्या नेमक्या फाटकाचा असा संकेत ग्राहकाने पाठविला, तर उत्तमच. परंतु तो पाठविण्याची सवय अजून सर्वांना लागावयाची आहे. पिनकोड मात्र प्रत्येक बिलावर छापलेला असतो.

दुसरी अडचण खुद्द टॅब्लेटच्या पोटात दडलेली असते. बाजारात दोन प्रकारचे टॅब्लेट मिळतात. काहींत सिमकार्ड बसते, काही केवळ वाय-फायवर चालतात. दुसरा प्रकार स्वस्त, म्हणून पुष्कळजण तोच घेतात. अशा अनेक टॅब्लेटांत उपग्रहाचे संदेश टिपणारा ग्राहीच नसतो, ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. असा टॅब्लेट आसपासच्या वाय-फाय यंत्रणांवरून आपल्या जागेचा अंदाज बांधतो. शहरात हा अंदाज बरा जमतो. पण पिंजौरहून बद्दीच्या रस्त्याला लागले, की नकाशावरचा निळा ठिपका जागच्या जागी थिजतो. याउलट ज्यात उपग्रहाचा ग्राही आहे, त्याला आपली जागा ओळखण्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी. म्हणून गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा घरूनच साठवून न्यावा, अथवा मुळातच इंटरनेटशिवाय चालणारे ऑर्गॅनिक मॅप्ससारखे ॲप घ्यावे. साठविलेल्या नकाशात रस्त्यावरची ताजी कोंडी दिसत नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. पावसाळ्यात या डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात. तेव्हा भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ हे ॲप निघण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

नकाशाच्या आज्ञाधारकपणाचेही एक उदाहरण येथेच आढळते. २०१२ साली खुल्या झालेल्या हिमालयन एक्स्प्रेसवेचा वळणरस्ता सूरजपूरजवळून पिंजौर व काल्का ही गावे टाळून परवाणूकडे जातो. कारखानदाराने ‘परवाणू’ एवढेच लिहिले व वाटेत पिंजौरला सामान टाकावयाचे मनात ठेवले, तर ॲप त्याला बाहेरच्या बाहेर घेऊन जाईल. मधला थांबा वेगळा नोंदविला पाहिजे.

पैशाच्या व्यवहारासाठी टॅब्लेटवर फारशी भिस्त ठेवू नये. यूपीआयची ॲप सिमकार्डाशी बांधलेली असतात, त्यामुळे वाय-फायच्या टॅब्लेटवर ती चालत नाहीत. खिशातला फोन लागतोच. कागदपत्रांसाठी डिजीलॉकर चांगले. रेल्वेनेही २०१८ साली त्यातील आधार व वाहनपरवाना ओळखपत्र म्हणून मान्य केला. परंतु हे शासनाकडून डिजीलॉकरमध्ये आलेले कागद असावे लागतात, आपण स्वतः चढविलेले छायाचित्र चालत नाही. तिकीट-तपासनीसासमोर हा फरक समजून घेण्याची पाळी येऊ नये.

भाषेच्या ॲपविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. मोहालीतील गुरुमुखी पाटीसमोर कॅमेरा धरला, की तिचा अर्थ पडद्यावर उमटतो. ही सोय खरोखरीच मोलाची आहे. पिंजौरला पाट्या देवनागरीत असल्याने मराठी माणसाला तिची गरज वाटत नाही, आणि धोका असतो तो नेमका तेथेच. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ मात्र निराळा. आपण ‘राजीनामा’ म्हणतो तेव्हा नोकरी सोडण्याचा कागद अभिप्रेत असतो. हिंदीत ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख. आपली ‘शिक्षा’ दंडाची, त्यांची ‘शिक्षा’ शाळेतली. वितरकाशी तंटा होऊन त्याने ‘राज़ीनामा’ लिहून पाठविला, तर तो व्यवसाय सोडतो आहे असे समजून आमचा कारखानदार घाईने दुसरा वितरक नेमावयाचा! असा एखादा शब्द अडला, तर तो एकटा ॲपमध्ये न घालता पूर्ण वाक्य घालावे. शेजारच्या शब्दांमुळे अर्थाची निवड पुष्कळ सुधारते. आणि मामला कराराचा असेल, तर भाषांतर वाचून झाल्यावरही वितरकाला फोन करून त्याला काय म्हणावयाचे आहे ते विचारून घ्यावे.

पिंजौरहून दहाच्या भेटीसाठी निघण्यापूर्वी, आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी वाय-फाय असतानाच, ग्राहकाचा पत्ता पिनकोडसह पुन्हा एकदा ताडून पाहावा, नकाशा उतरवून घ्यावा आणि टॅब्लेट विजेला लावून ठेवावा. पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवण्यासही हरकत नाही. बद्दीच्या औद्योगिक वसाहतीत रस्ता विचारताना फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हाती पडदा देण्यापेक्षा तो कागदच देणे सोयीचे जाते.