घरचा सर्व्हर, भाग ६ : ‘पास’ झालेली डिस्क

गेल्या आठवड्यात आपण दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेडची मांडणी पाहिली. या मांडणीत एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालूच राहतो. फाइली उघडतात, फोटो दिसतात आणि घरात कोणाला काही कळत नाही. मग दुसरी डिस्क जाते, आणि तेव्हा सगळंच जातं. म्हणून रेड लावली की त्याच दिवशी डिस्कवर पाळत ठेवायची सोयही करायला हवी.

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला काम करणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. स्पिंडलचं बेअरिंग बसण्याआधी व्हायब्रेशनचा आकडा चढू लागतो, आणि तो पाहून ब्रेकडाऊनच्या आधीच बेअरिंग बदलतात. हार्ड डिस्कसुद्धा स्वतःच्या अशा नोंदी ठेवते. आयबीएमने १९९२ मध्ये आपल्या डिस्कमध्ये ही सोय आणली, पुढे कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना बरोबर घेऊन ती वाढवली, आणि त्यातून ‘स्मार्ट’ नावाची यंत्रणा रूढ झाली. तुमच्या घरच्या डिस्कमध्ये ती आहेच. प्रश्न आहे तो तिच्याकडे पाहण्याचा.

बहुतेक जण फक्त ‘पास’ हा शेरा पाहतात. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. हा शेरा डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर मिळतो, आणि ती मर्यादा फार सैल असते. शेकडो सेक्टर खराब झालेली डिस्कही ‘पास’ होऊ शकते. शेरा सोडून खालचे मूळ आकडे वाचा. त्यातही तीनच पुरे: क्रमांक ५, म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न आल्याने निकाल लागायचा बाकी असलेले, आणि १९८, म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. हे तिन्ही शून्य असावेत. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, तो दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलली की आकडा तिथेच थांबतो.

गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे आकडा शून्यावरून एकावर गेला, तरी तो गंभीरच. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, तापमान सोडलं तर, कसलीच पूर्वसूचना नव्हती. त्यामुळे पाळत असली तरी बॅकअप सुटत नाही.

रोज उठून आकडे पाहणं कोणालाच जमत नाही. ते काम लिनक्सवर ‘स्मार्टडी’ करतो. तो दर अर्ध्या तासाने डिस्कला विचारतो आणि आकडा बदलला की मेल टाकतो. हा ज्या ‘स्मार्टमोनटूल्स’चा भाग आहे, तो प्रकल्प २००२ मध्ये ब्रूस ॲलन यांनी सुरू केला. ॲलन गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक. त्याच लहरी टिपण्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर झाली आहे. विज्ञानासाठी केलेलं काम असं घराघरांत उपयोगी पडतं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता डिस्ककडून करून घ्यायच्या चाचण्यांचं वेळापत्रक. छोटी चाचणी दोन-तीन मिनिटांची, ती रोज पहाटे ठेवा. मोठी चाचणी डिस्कचा पूर्ण पृष्ठभाग वाचते, चार टीबीला सात-आठ तास सहज लागतात. ती महिन्यातून एकदा, पण गुरुवारी नको. आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी असतात, आणि लाईट गेली की चाचणी अर्ध्यात तुटते. शनिवारी रात्री सुरू केलेली बरी. यूपीएस तर हवाच.

मेलची व्यवस्था करून झाली की चाचणीचा मेल पाठवून पाहा. पासवर्ड बदलल्यामुळे मेल जाणं बंद झालेलं असतं आणि महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

आणि खरंच मेल आला, १९७ शून्यावरून आठ झाला, तर? लगेच मोठी चाचणी लावण्याचा मोह होईल. थांबा. आजारी डिस्कला सलग आठ तास राबवणारं ते काम आहे. आधी वर्कशॉपची ड्रॉइंग, टॅलीचा डेटा, घरचे फोटो असं जे पुन्हा मिळणार नाही ते दुसरीकडे उतरवा. मग चाचणी लावा, तिचा निकाल जपून ठेवा आणि डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर घेऊन वॉरंटी तपासा. रेडमधली डिस्क काढतानाही हाच नंबर जुळवून पाहा, नाहीतर घाईत चांगली डिस्क बाहेर येते आणि खराब डिस्क आत राहते.