विश्लेषण : प्रवाहात वाहणाऱ्या डायव्हरांचा माग बोट कसा ठेवते?

इंडोनेशियातील बालीजवळच्या समुद्रात १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सात जपानी महिला स्कूबा डायव्हर पाण्यात उतरल्या आणि ठरलेल्या जागी वर आल्याच नाहीत. तीन दिवसांनी त्यांपैकी पाच जणी नुसा पेनिडा बेटाजवळ जिवंत सापडल्या. दोघींचा मृत्यू झाला. आपण बोटीने त्यांच्या मागे जात होतो, पण अचानक आलेल्या जोरदार पावसात त्या दिसेनाशा झाल्या, असे कप्तानाने सांगितले होते. पाण्याखालच्या माणसाचा माग नेमका कसा ठेवला जातो आणि तो सुटतो कुठे?

‘ड्रिफ्ट डायव्हिंग’ म्हणजे काय?

प्रवाहाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, अर्थात मिनिटाला सुमारे ३१ मीटर. एवढ्या प्रवाहातही ४५ मिनिटांत डायव्हर जवळपास १४०० मीटर दूर जातो. तीन नॉटच्या प्रवाहात चार किलोमीटरहून अधिक. पायांत फिन असले तरी एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ पोहता येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी प्रवाहाशी झुंजायचे नाही, त्याच्याबरोबर जायचे आणि बोटीने नांगर न टाकता मागे राहायचे, अशी पद्धत असते.

जीपीएस असूनही अडचण का?

जीपीएसचे रेडिओ संकेत समुद्राच्या पाण्यात शिरताच विरतात. म्हणजे बोटीचे स्थान अचूक कळते, डायव्हरचे नाही. समुद्र शांत असेल तर वर येणारे हवेचे बुडबुडे दिसतात. लाटा उसळल्या किंवा पाऊस आला की तेही दिसत नाहीत. शिवाय बोटीला वारा ढकलतो आणि डायव्हरना प्रवाह. दोघांच्या दिशा वेगळ्या असू शकतात. भरती-ओहोटीनुसार प्रवाह बदलतो, वरचा आणि खोलातला प्रवाहही सारखा असेलच असे नाही.

म्हणून कप्तान अंदाजावर चालतो. डायव्हर उतरल्याची जागा आणि वेळ, प्रवाहाची दिशा आणि वर येण्याची ठरलेली कमाल वेळ या त्याच्या नोंदी. डायव्हरनी वेळ पाळली नाही तर सगळा हिशेब चुकतो.

नारिंगी फुग्याचे काम काय?

लाटांमध्ये माणसाचे डोके तरंगत्या नारळाएवढेच दिसते. त्यामुळे प्रवाहात उतरणारा डायव्हर ‘सरफेस मार्कर बोय’ म्हणजे माणसाच्या उंचीएवढा लांबट, भडक रंगाचा फुगा जवळ बाळगतो. काही ठिकाणी गटप्रमुख सुरुवातीपासूनच दोरीने बांधलेला बोया पृष्ठभागावर ओढत नेतो. अन्यत्र वर येण्यापूर्वी साधारण पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबतात, त्या सुमारास फुग्यात हवा भरून तो वर सोडला जातो. डोके पाण्याबाहेर येण्याआधीच बोटीला जागा कळते, ती यामुळे.

बोटीवर घेताना काय पाहतात?

सर्वांत मोठा धोका पंख्याचा. त्यामुळे डायव्हर जवळ येण्यापूर्वी इंजिन न्यूट्रलला टाकतात, दोरी फेकतात आणि एकेकाला शिडीवर घेतात. बाकीच्यांनी शिडीखाली थांबायचे नसते. वरच्याची टाकी निसटली तर थेट डोक्यावर येते. दोन गट लांब-लांब वर आले, तर एका गटाला घेताना दुसऱ्यावर नजर ठेवण्यासाठी वेगळा माणूस लागतो.

शेवटची पायरी डोकी मोजण्याची. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर २५ जानेवारी १९९८ रोजी ही मोजणी चुकली आणि टॉम व आयलीन लोनर्गन या अमेरिकी दाम्पत्याला मागे सोडून बोट किनाऱ्याला परतली. दोन दिवसांनी त्यांचे सामान बोटीवर दिसले तेव्हा चूक लक्षात आली. दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँड राज्यात मोजणीचे नियम कडक झाले.

बोट दिसलीच नाही तर?

जॅकेटमध्ये हवा भरायची, वजनाचा पट्टा सोडायचा आणि एकमेकांना धरून राहायचे. शिटी, आरसा आणि रात्री टॉर्च उपयोगी पडतात. खिशात मावणारी दोन प्रकारची उपकरणेही मिळतात : एक उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला स्थान कळवते, दुसरे आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर ते दाखवते. दोन्ही पाण्यावर आल्यावरच चालतात.

कप्तानाने शेवटच्या नोंदीपासून प्रवाहाच्या दिशेने शोध घ्यायचा आणि तटरक्षक दलाला लगेच कळवायचे. भारतात त्यासाठी १५५४ हा क्रमांक आहे. दोन नॉटच्या प्रवाहात अर्ध्या तासाचा उशीर म्हणजे जवळपास दोन किलोमीटरचे वाढीव अंतर.

पर्यटकांनी काय विचारावे?

मालवण, तारकर्लीत नवख्यांना प्रशिक्षक उथळ पाण्यात सोबत घेऊन उतरतात. तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. मात्र प्रमाणपत्र घेऊन मालदीव किंवा बालीला जाणाऱ्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : बोट मागे येणार की नांगरून राहणार? वर येण्याची वेळ कोणती? फुगा प्रत्येकाकडे आहे का? आणि परतताना डोकी कोण मोजणार? या चारही प्रश्नांना ठाम उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी पाण्यात न उतरणेच शहाणपणाचे.