गाभडणाऱ्या जनावराचा छुपा शत्रू

शाहूवाडीसारख्या डोंगराळ व अतिपावसाच्या तालुक्यात भातशेतीच्या जोडीला दुभत्या जनावराचा मोठाच आधार असतो. अशा वेळी गाभण गाय किंवा म्हैस अकस्मात गाभडली, तर वासरू जाते आणि वेताचे दूधही बुडते. गाभडण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांपैकी सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, हे कारण विशेष घातक होय. कारण हा रोग माणसासही जडतो.

या जातीचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 साली माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांच्या शरीरात शोधला. गाईंना गाभडविणारा त्याचा भाऊबंद 1897 साली डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी ओळखला.

शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या भक्षक पेशी रक्तात व अवयवांत असतात. परंतु राखणदाराच्याच खोलीत चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा जंतू त्या पेशीतच राहतो. हे बळ त्याला त्याच्या जनुकांपासून मिळते. ‘व्हिर-बी’ नावाच्या 12 जनुकांचा एक गट सुईसारखी सूक्ष्म यंत्रणा उभारतो. तिच्यावाटे जंतू आपली प्रथिने पेशीत सोडतो, पचनाच्या माऱ्यातून निसटतो आणि सुरक्षित कप्प्यात आपली संख्या वाढवितो. हे जनुक निकामी केलेले जंतू पेशीत तग धरीत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

पेशीत दडलेल्या जंतूपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून जनावरांत उपचारापेक्षा प्रतिबंधावरच भिस्त ठेवावी लागते. 4 ते 8 महिने वयाच्या कालवडीस व रेडीस ‘एस-19’ ही लस आयुष्यात एकदाच टोचून घ्यावी. ही लस जिवंत जंतूंची असल्याने ती नरांना व गाभण जनावरांना देऊ नये. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश आहे.

जनावर गाभडल्यास ते वेगळे बांधावे. पडलेला गर्भ, वार व स्राव यांत असंख्य जंतू असतात. म्हणून त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. ते ओढ्यात वा उकिरड्यावर न टाकता, कुत्री उकरणार नाहीत अशा खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. गोठा जंतुनाशकाने धुवावा. रक्ततपासणीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. दूध उकळूनच प्यावे.

जनावरे हाताळणाऱ्या माणसास वारंवार ताप, रात्री घाम व सांधेदुखी जाणवू लागली, तर गोठ्यातील घटना डॉक्टरांस अवश्य सांगावी. माणसावर उपचार आहे. मात्र तो सहसा किमान सहा आठवडे चालतो आणि मध्येच सोडल्यास लपलेला जंतू पुन्हा डोके वर काढतो.

ग्रामसेवकांनी व पशुधन पर्यवेक्षकांनी गावातील लसीस योग्य वयाच्या कालवडी व रेड्यांची यादी तयार ठेवावी. वय उलटले की ही संधी हुकते.